थोरल्याच्या घरची कानबाई

ललित: फोन कानाला लाव. आता ऐक. आलं ऐकू?

योगराज: काय ऐकायचंय? इकडे वारा आहे रे ललित. धड काही कळत नाही.

ललित: मग आत जा. तुझ्या त्या बोटीत तीन खोल्या आहेत ना? व्हिडिओत तर सगळ्या जगाले दाखवतो. जा आत, मी थांबतो... गेला? आता ऐक. पुन्हा हलवतो.

योगराज: पाण्यासारखं काहीतरी वाजतंय.

ललित: पाण्यासारखं नाही, पाणीच आहे. नारळात. आपल्या कानबाईच्या नारळात, दादा. आजीच्या सासूनं देवीचं लगीन लावून देव्हाऱ्यात बसवलेलं नारळ. माझ्या जन्माच्या आधीच आतून सुकलेलं. हलवलं की गोटा खडखड वाजायचा, एवढंच ऐकलं मी जन्मभर. अन् आज त्यात पाणी भरलं. उद्या देवी बसवायची, म्हणून डिंपल तिले आंघोळ घालाले गेली. देव्हाऱ्यातून उचललं अन् तिच्या हातून पडता पडता राह्यलं. जड लागलं तिले.

योगराज: ओल धरली असेल. दोन महिने होता ना तो बोटीवर, आईजवळ. इथली हवा फार दमट असते.

ललित: दमट हवेनं पापड सादळतो. नारळात पाणी भरत नाही. मी केळीवाला असलो तरी एवढं मले कळतं.

योगराज: टोमणे मारायला फोन केलायस का?

ललित: सरळ विचाराले केला. हे नारळ कोणाचं आहे?

योगराज: आई कुठे आहे?

ललित: मागच्या अंगणात रोटाचे गहू निवडू राह्यली. संध्याकाळी घरातल्या दर पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ मोजायची, मग दळण. तिले अजून सांगितलं नाही. बायकोलेही म्हटलं, तोंडातून शब्द काढू नको. आधी दादाले विचारतो. कारण देवी तुझ्याकडे गेली व्हती अन् तुझ्याकडूनच परत आली. मधात कुठं पाहुणी म्हणून उतरली नाही.

योगराज: ललित, जरा रिलॅक्स हो. सांगतो.

ललित: मी खुर्चीत बसूनच आहे. सांग.

योगराज: बदलला तो. मीच बदलला.

ललित: अन् आपली?

योगराज: ती नाही आता.

ललित: नाही म्हणजे?

योगराज: फुटली. म्हणजे, फोडली गेली. चुकून, ललित. कोणी मुद्दाम असं करेल का?

ललित: कोणी फोडली?

योगराज: आई का घेऊन आली पण तो नारळ? मी सांगितलं होतं का? मी म्हटलं होतं, तू ये. बेटं बघ, समुद्र बघ, आमच्याबरोबर राहा, आता तरी जिवाला आराम दे. देव्हारा घेऊन ये असं म्हटलं होतं का मी?

ललित: तू काय म्हटलं ते मले पाठ आहे. आम्ही सगळे जेवत व्हतो, फोन स्पीकरवर व्हता. आईनं विचारलं, बाबा गेले, आता गावात दोन खोल्या तरी बांधशील का? तू म्हटलं, आई, बोट हेच माझं घर. मले दुसरं घर नाही अन् नकोही. तिनं ताट बाजूले सारलं. मले वाटलं रुसली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर देव्हाऱ्यातलं नारळ फडक्यात बांधून तयार. आपल्यात देवी थोरल्याच्या घरी राह्यते, विसरला का? बाबा थोरले, म्हणून आपल्याकडे व्हती. बाबांनंतर तुझी. आई नुसती सांभाळू राह्यली व्हती, तुझं घर व्हयेपर्यंत. तू म्हटलं, घर झालं. मग ती पोचवाले आली.

योगराज: अरे, बोलायची पद्धत असते ती! बोटीवर राहणारे सगळेच म्हणतात तसं.

ललित: तुम्ही म्हणत असाल. आई घराले घर समजते.

योगराज: मला वाटलं, ती मला भेटायला आलीये.

ललित: भेटालेच आली व्हती. श्रावणापर्यंत राहणार व्हती. तुझ्या घरी देवी बसवणार, तुझ्या चुलीवर रोट करणार, मग परत येणार. अन् वैशाखातच आली. मी जळगावले स्टेशनवर घ्याले गेलो, तर वाळून काडी झालेली. विचारलं, काय झालं? म्हणे, देवीले तिकडे करमलं नाही. मी म्हटलं, बोट लागली असंल म्हातारीले. पोटात काही ठरलं नसंल.

योगराज: बोट लागलीच होती तिला. औषधं दिली, भाविकानं सगळं केलं तिचं. तुला वाटतं आम्ही तिला वाऱ्यावर सोडलं होतं?

ललित: भाविका वहिनीनं काय केलं ते आईनं सांगितलं मले. घरच्या केळीचे वेफर नेले व्हते तिनं, भली मोठी पिशवी भरून. मीच तळून घेतले व्हते डिंपलकडून. ते तुझ्या सालेसाहेबांनी धक्क्यावरच उतरवले.

योगराज: निनादचं ते... जुन्या खलाशांची समजूत आहे. बोटीवर केळं नेत नाहीत. अपशकुन मानतात.

ललित: हो ना. देव मानत नाही म्हणता अन् केळ्याले घाबरता. ज्या केळीवर तू पुण्यात शिकला, ज्या केळीवर बाबांनी तुले परदेशी पाठवलं, ती अपशकुनी! अन् तू उभा राहून वेफर वाटत व्हता त्या कोळ्यांले. आई म्हणे, त्यांनी बिचाऱ्यांनी आवडीनं खाल्ले.

योगराज: गंमत होती ती. तू प्रत्येक गोष्टीचा चाबूक करतोस.

ललित: बरं, गंमत. आता नारळाची गंमत सांग. कोणी फोडलं?

योगराज: निनादनंच.

ललित: वाटलंच मले.

योगराज: अरे ऐक तर. आम्ही एका छोट्या बेटाजवळ अँकर टाकला होता. निळं पाणी, एकही माणूस नाही. आईला तिथलं जेवण जात नव्हतं, म्हणून निनाद म्हणाला, आज मी काकूंसाठी नारळाच्या दुधातली भाजी करतो. आईसाठीच चाललं होतं सगळं! डेकवर एक नारळ पडलेला दिसला...

ललित: पडलेला नसंल. आई सकाळी देवीले आंघोळ घालून उन्हात ठेवते. इथंही ठेवायची.

योगराज: ते त्याला कसं कळणार? तिथे नारळ म्हणजे आपल्याकडच्या कांद्यासारखे. बोटीवर दहा-बारा पडलेलेच असतात. त्यानं उचलला, कोयत्याचा एक घाव घातला. आतून काळा भुगा निघाला. सगळे हसले, म्हणाले, निनादला भूत सापडलं. आणि त्यानं दोन्ही करवंट्या पाण्यात भिरकावून दिल्या. एवढंच.

ललित: एवढंच. अन् तू कुठं व्हता?

योगराज: तिथेच.

ललित: तिथे म्हणजे? पाठ करून? झोपून?

योगराज: शूट करत होतो. समोरच.

ललित: म्हणजे तू पाह्यलं.

योगराज: मला ओळखू आला नाही, ललित. चेहरा नव्हता, नथ नव्हती, साडी नव्हती. नुसता नारळ होता रे तो. नंतर दुपारी व्हिडिओ कापायला बसलो, तेव्हा मोठा करून पाहिला. कुंकवाचा डाग दिसला. तेवढा भाग काढून टाकला मी.

ललित: सोमवारी देवी डोक्यावर घेऊन नदीवर कोण जायचं, दादा?

योगराज: सोड ना आता.

ललित: कोण जायचं? तू. घरापासून तापीपर्यंत अन् पाणी लावून परत. मले बोटसुद्धा लावू द्यायचा नाही. थोरल्याचा मान म्हणायचा. दरसाल मी मागं मागं रडत यायचो, बायका हसायच्या मले. एकदा तू झोपला असताना देव्हाऱ्याजवळ जाऊन हळूच हलवलं व्हतं, खडखड ऐकाले. तेवढंच माझ्या वाट्याले आलं. अन् तुले ओळखू नाही आली!

योगराज: मी दुसरा आणला ना. बेटावरून शोधून आणला, तसाच, त्याच मापाचा. शेंडी ठेवली, डोळे काढले, कुंकू लावलं. आईला त्रास होऊ नये म्हणून.

ललित: आईले, की तुले?

योगराज: आता काय करायचं ते बोल. हे बघ, कोणाला काही सांगायची गरज नाही. उद्या तोच बसवा. शेवटी भाव महत्त्वाचा. नारळ कुठलाही असला तरी काय फरक पडतो?

ललित: हे दुसरं कोणी बोललं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. तू बोलू नको. उद्या सगळे भाऊबंद येतील. धनसिंग नाना पहिले पाया पडतील. मागच्या साली त्यांनी सगळ्यांपुढं म्हटलं, जो रोट खाले येत नाही त्याची मूठ काबरं मोजता? आई त्यांच्याशी भांडली तुझ्यासाठी. नव्वदीच्या माणसाले म्हणे, नाना, तुमच्या मुठीत गहू मावत नाहीत आता, तरी मोजतोच ना आम्ही? त्या नानांले मी सांगू, कोण्या बेटावरच्या नारळाच्या पाया पडा?

योगराज: तुला देवीचं पडलेलं नाही, ललित. तुझा राग वेगळा आहे. मी गेलो, तू राहिलास, हा तुझा राग. तू तिथे अडकलास, यात माझा काय दोष?

ललित: अडकलो कोण म्हणतं? माझी बाग पाहाले लोक रावेर-यावलहून येतात. फक्त एक सांगतो. बाबा गेले तेव्हा तू तुझ्या त्या 'तापी'वर व्हता. बोटीले नदीचं नाव दिलं अन् नदीवर यायचं तेव्हा आला नाही. अग्नी थोरल्यानं द्यायचा, मी दिला. त्यावर कधी एक शब्द बोललो तुले?

योगराज: आत्ता बोललास.

ललित: हो. आत्ता बोललो. बरं झालं.

(इंदिराबाई गव्हाचं सूप घेऊन दारात उभी आहे.)

इंदिराबाई: कोन, योगराज हाये का?

ललित: आई! तू केव्हाची उभी आहे?

इंदिराबाई: ते नारळ खाली ठेव आधी. सारखं सारखं हालवून काय पाहातो? पानी हाये त्यात. मले माहीत हाये.

ललित: तुले माहीत आहे?

इंदिराबाई: मीच नाही का आनलं मांडीवर धरून? एवढ्या वर्सांची देवी माझी, हातात घेतली तं वजन नाही कळनार मले? फोन मोठा कर. बोलू दे मले त्याच्याशी.

योगराज: आई... मी सांगणारच होतो तुला.

इंदिराबाई: केव्हा रे?

योगराज: तू खूश होतीस. तुझा मूड घालवायचा नव्हता मला.

इंदिराबाई: मी खुशीत व्हती?

योगराज: तो फुटला तेव्हा तू झोपली होतीस. खाली, खोलीत.

इंदिराबाई: त्या बोटीत कोनाले झोप लागते बाबा? उशाले गोल खिडकी व्हती, तिच्यातून पान्याकडे पाह्यत पडली व्हती मी. वरतून हसनं आयकू आलं. मंग दोन करोट्या आल्या पान्यावर, हळूहळू, एकीच्या मागं एक. एकीवर कुंकू तसंच व्हतं. सकाळीच लावलं व्हतं मी.

ललित: अन् तू काही बोलली नाही?

योगराज: वर यायचं ना आई! ओरडायचं. मी उडी मारून काढल्या असत्या.

इंदिराबाई: कोनावर वरडू? त्या पोरावर? त्याले काय माहीत? तो तं माझ्यासाठीच भाजी करू राह्यला व्हता. अन् हसन्यात तुझाच आवाज मोठा व्हता रे योगराज. तो आयकला, मंग मी वर नाही आली.

ललित: मले तरी सांगायचं, आई. तीन महिने तू या नारळापुढं रोज दिवा लावू राह्यली.

इंदिराबाई: दिवा तं दिवा. त्यात काय मोठं? मी वाट पाहे. त्या दिवशी सांजच्याले हा बेटावर गेला, हे नारळ आनलं. आडोशाले बसून सोललं, डोये काढले, माझ्याच फडक्यात बांधून ठेवलं. मले वाटलं, आता येईन अन् म्हनीन, आई, असं झालं. मी जागीच व्हती. नाही आला. सकाळी चहा घेऊन आला. म्हटलं, आता सांगीन. तं म्हने, आई, चल वरते, आज तुले डॉल्फिन दाखवतो.

ललित: दाखवले का मग?

इंदिराबाई: दाखवले. चांगले व्हते.

योगराज: आई, मला लाज वाटत होती.

इंदिराबाई: लाज वाटे तं सांगायचं. लाजंनं मानूस बोलते. तू तं फोटो काढत व्हता माझे.

ललित: आई, हे सगळं नंतर. उद्या काय बसवायचं ते सांग. लोक येणार, दादा म्हणतो हेच बसवा.

इंदिराबाई: फैजपूरच्या बाजारातून नवं नारळ आन. चांगलं पाहून आन, हातानं वाजवून. उद्या सकाळी लगीन लावू अन् तुझ्या घरी बसवू. आतापासून तुझी देवी. डोक्यावर घेऊन तूच जायचं नदीवर.

ललित: माझी कशी? थोरल्याची असते ना?

इंदिराबाई: थोरल्याची थोरल्याच्या घरी गेली. सासूबाईनं माझ्या वटीत घातली, मी त्याच्या घरी पोचती केली. माझं काम झालं. ती तठीच हाये आता, त्या पान्यात. तुले लहानपनापासून पाह्यजे व्हती ना? मंग घे आता.

ललित: लहानपणी पाह्यजे व्हती, आई. अशी नको व्हती.

इंदिराबाई: आता जशी आली तशी घ्यायची.

ललित: अन् नानांले काय सांगायचं?

इंदिराबाई: खरं सांगायचं. मी सांगीन. तू बोलू नको, तुझं तोंड लई तिखट हाये. अन् डिंपलले म्हन, हे नारळ फोड. गोड निघालं तं चटनी कर, नाही निघालं तं ढोरापुढं टाक. तीन महिने दिवा लावला, तेवढं पुरे झालं त्याले.

योगराज: आई, पुढच्या वर्षी मी येतो. नक्की येतो कानबाईला. भाविकाला घेऊन येतो.

इंदिराबाई: ये ना. कोन नको म्हनते? जेवून जाशीन. ललित, ते पातेलं धू अन् पुसून दे मले. हे गहू झाले निवडून. चल, मूठ मोजू. हात पुढं कर.

ललित: आत्ताच? फोन तर ठेवू दे.

इंदिराबाई: राहू दे फोन. आयकू दे त्याले. घाल. एक मूठ... अन् ही वरची पाव. झाली तुझी.

ललित: अन् दादाची?

इंदिराबाई: झालं. उचल पातेलं.

ललित: आई, बाबा गेल्यापासून दोन मुठी असतात आपल्या घरातून. नानांशी भांडली ना तू मागच्या साली? माझ्या दोन्ही पोरी, त्यांची मोजत नाहीत तुम्ही. एकाच मुठीचा रोट करणार का आता?

इंदिराबाई: एवढा वेळ त्याले शिव्या घालू राह्यला अन् आता त्याचीच बाजू घेतो?

ललित: शिव्या घालायचा हक्क आहे माझा. मूठ तोडायची कोणी म्हटलं?

योगराज: आई, माझी मूठ नको तोडू.

इंदिराबाई: तू तं मानत नाही ना रे बाबा?

योगराज: नाही मानत. तरी... मोज ना आई. मी काही मागत नाही दुसरं. घर नको, शेत नको, सगळं ललितला दे. तेवढी एक मूठ मोजत जा. मले असं बाहेर नको काढू.

ललित: 'मले' म्हटलं त्यानं. ऐकलं का आई? किती वर्षांनी म्हटलं.

इंदिराबाई: आयकलं. अन् तोडली कुठी म्या तुझी मूठ? तुझी मूठ तुझ्यापाशीच हाये. देवीसंगं घरूनच नेली व्हती मी, या आपल्याच वावरातले गहू. म्हटलं श्रावनात तठी कुठं शोधत बसू? निघायच्या दिवशी तुझ्या पिठाच्या डब्यामागं ठेवून आली. देवी तठी, मंग थोरल्याची मूठबी तठीच पाह्यजे. पिवळ्या फडक्यात बांधलेली हाये पाह्य. उद्या काढ. दळाची सोय नसंन तं भिजवून शिजव अन् गूळ टाकून खाय दोघं जन. दुसऱ्या कोनाले देऊ नको, घरचीच मानसं खातात.

योगराज: पिवळं फडकं?

इंदिराबाई: हळदीचं. कोपऱ्याले गाठ मारलेली.

ललित: दादा, ऐकलं ना? उद्या काढ ती.

योगराज: आई, ते... भाविकाला सापडलं होतं. मागच्या महिन्यात. कीड झाली होती त्यात. सगळ्या पिठात पसरेल म्हणून तिनं...

इंदिराबाई: टाकले का?

योगराज: हो.

इंदिराबाई: कुठी?

योगराज: समुद्रात. आई, खरंच माहीत नव्हतं आम्हाला.

इंदिराबाई: बरं झालं. तिच्यापाशी पोचले असतीन.